वेरूळ, घृष्णेश्वर, खुलताबाद, देवगिरी : एका दिवसाच्या खासगी सहलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येणारी ही सहल आहे. एक गाडी, एक परवानाधारक गाईड आणि फक्त तुमची माणसं. अनोळखी लोकांना एकत्र कोंबून बस भरायची पद्धत आम्ही ठेवलेली नाही, कारण एखाद्या मूर्तीसमोर किती वेळ उभं राहायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. फोनवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत.

चार ठिकाणं एका दिवसात खरंच होतात का?

होतात, कारण चारही एकाच रस्त्यावर आहेत. शहरातून निघालं की साधारण १५ किलोमीटरवर दौलताबाद, म्हणजे देवगिरीचा किल्ला. पुढे घाट चढला की खुलताबाद. घाट उतरला की वेरूळ, आणि लेण्यांपासून घृष्णेश्वर अगदी जवळ. एकूण अंतर एका बाजूनं ३० किलोमीटरच्या आसपास भरतं, त्यामुळे दिवस गाडीत जात नाही.

मात्र चारही ठिकाणचं सगळं एका दिवसात होत नाही, आणि तसा शब्द आम्ही देत नाही. वेरूळला क्रमांक दिलेली लेणी ३४ आहेत. आम्ही त्यातली सहा-सात दाखवतो आणि ती नीट दाखवतो. ३४ लेण्यांमधून धावत गेलेला माणूस रात्री जेवताना कोणतं बुद्धाचं आणि कोणतं शंकराचं हे सांगू शकत नाही. सगळीच लेणी बघायची असतील तर वेरूळला स्वतंत्र पूर्ण दिवस द्या. तशी सहलही करता येते.

दिवसाचा क्रम कसा असतो?

हिवाळ्यात आणि पावसाळ्यात सकाळी सातला निघतो. ऊन चढायच्या आत किल्ला, मग खुलताबाद, मग वेरूळला जेवण, दुपार लेण्यांमध्ये आणि शेवटी घृष्णेश्वराचं दर्शन. सातच्या सुमारास परत शहरात.

बरेच जण उलटा क्रम मागतात, आधी लेणी आणि मग किल्ला. आम्ही आग्रहानं नाही म्हणतो. एक तर देवगिरीचा चढ दुपारी दोन वाजता माणसाला थकवून टाकतो. दुसरं कारण उजेडाचं. वेरूळची डोंगररांग दक्षिणोत्तर आहे आणि बहुतेक लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. सकाळी ती सावलीत असतात, तर दुपारनंतर ऊन थेट आत शिरतं. कैलासचा दर्शनी भाग आणि दहाव्या लेण्यातला बुद्ध तिसऱ्या प्रहरी जसा दिसतो तसा सकाळी दिसत नाही.

एप्रिल-मेमध्ये मात्र हा नियम मोडतो. तेव्हा सकाळी सहाला निघून आधी लेणी करतो, दुपारी विश्रांती घेतो आणि किल्ल्यात संध्याकाळी फक्त खालच्या भागात फिरतो.

लेणी कोणत्या वारी बंद असतात?

वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. परगावाहून येणाऱ्यांची यात नेहमी गल्लत होते, म्हणून तिकिटं काढायच्या आधी वार बघा. मंगळवारी घृष्णेश्वर, खुलताबाद आणि देवगिरी सुरू असतात. त्या दिवशीच यायचं असेल तर लेण्यांच्या जागी शहरातली पाणचक्की आणि बीबी का मकबरा घेतो, पण सहल अर्धी झाली असंच आमचं मत आहे. शक्य असेल तर वार बदला.

कोणता ऋतू चांगला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांनाच सोयीचा. आमची आवड विचाराल तर ऑगस्ट-सप्टेंबर. डोंगर हिरवा झालेला असतो, एलगंगा वाहत असते आणि २९ क्रमांकाच्या लेण्याजवळ धबधबा कोसळत असतो. त्या दिवसांत पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तेव्हा पकड असलेली पादत्राणं हवीत.

श्रावण हा वेगळा विषय आहे. श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराला आणि शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला प्रचंड गर्दी असते. भद्रा मारुतीला तर लोक शहरातून रात्रभर पायी चालत येतात. दर्शन हाच तुमचा मुख्य हेतू असेल तर जरूर या. लेणी आणि किल्ला निवांत बघायचा असेल तर श्रावणातले हे दोन वार आणि महाशिवरात्र टाळा.

कैलास लेण्याला किती वेळ देता?

किमान दीड तास. कुणाला आणखी थांबायचं असेल तर थांबतो, दुसरं एखादं लेणं सोडतो.

कैलास म्हणजे १६ क्रमांकाचं लेणं. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. डोंगराच्या उतारावरून तीन बाजूंनी खोल चर खणून मधे एक प्रचंड कातळ मोकळा केला आणि त्या कातळातून मंदिर कोरत कोरत खाली आणलं. म्हणजे कळस आधी, पाया शेवटी. खड्डा साधारण ८४ मीटर लांब आणि ४७ मीटर रुंद, मागची भिंत तीस मीटरहून उंच. एकही दगड बाहेरून आणून रचलेला नाही. वरच्या मजल्यावरचा खांब कापताना हात चुकला असता तर तो बदलायची सोय नव्हती.

बहुतेक लोक आत शिरतात, मान वर करतात, फोटो काढतात आणि वीस मिनिटांत बाहेर पडतात. आम्ही तुम्हाला दक्षिणेच्या अंगणात नेतो आणि एका शिल्पासमोर उभं करतो. रावण कैलास हलवतो तो प्रसंग. खाली रावण आहे. त्याचे अनेक हात पंख्यासारखे दोन्ही बाजूंना पसरून डोंगराच्या तळाला भिडलेले. त्या कोनाड्यात तो इतका खोल, भिंतीपासून सुटा कोरला आहे की त्याच्या मागे अंधार साठतो. वर पार्वती घाबरून शंकराकडे झुकली आहे आणि तिनं त्याचा हात धरला आहे. तिची दासी पाठ फिरवून पळत सुटली आहे. आणि शंकर? तो नुसता बसला आहे, पायाचा अंगठा दाबून. वरपासून खालपर्यंत नजर फिरवली की कोण किती घाबरलं आहे हे शरीरांवरूनच कळतं, कुणी सांगावं लागत नाही. हे शिल्प बघताना घाई केली तर कैलास बघायला आल्याचा उपयोग काय?

त्याच बाजूला सभामंडपाच्या भिंतीवर रामायणाचे प्रसंग ओळीनं कोरलेले आहेत, उत्तरेला महाभारताचे. लहान मुलांना इथे आम्ही सांगत नाही, त्यांनाच ओळखायला लावतो.

हे माणसांनी केलंच नाही, परग्रहावरच्यांनी केलं, असं व्हिडिओंमध्ये दाखवतात. ते खरं आहे का?

नाही. खड्ड्याच्या उभ्या भिंतींवर छिन्नीच्या तिरप्या रेघा आजही स्पष्ट दिसतात. आम्ही त्या हात न लावता, बॅटरीचा उजेड तिरका टाकून दाखवतो. काही ठिकाणी काम अर्धवट सुटलेलं आहे, तिथे कातळ कसा फोडत गेले हे पायरीपायरीनं समजतं. शेजारच्या १५ क्रमांकाच्या दशावतार लेण्यात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या आधीचा राजा दंतिदुर्ग याचा शिलालेख आहे. बडोद्याला सापडलेल्या ८१२ सालच्या राष्ट्रकूट ताम्रपटात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, डोंगरावरच्या अद्भुत मंदिराचं वर्णन आहे. ते बांधणारा शिल्पीच पूर्ण झाल्यावर थक्क झाला, हे माझ्या हातून झालं तरी कसं, असं त्यात म्हटलं आहे. ज्या कारागिरांनी पिढ्यान्पिढ्या या सह्याद्रीच्या काळ्या दगडात लेणी खोदून हात तयार केला, त्यांचं श्रेय त्यांच्याकडून काढून घेणं आम्हाला मान्य नाही.

राणीनं कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही असा नवस बोलला आणि कोकस नावाच्या स्थपतीनं वरून खोदायला सुरुवात करून तिचा उपास लवकर सोडवला, ही कथाही आम्ही सांगतो. कथा म्हणूनच सांगतो.

बाकी कोणती लेणी घेता?

आधी एक गोष्ट. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. पण हे क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे दिलेले आहेत, काळाप्रमाणे नाहीत. २१ क्रमांकाचं रामेश्वर आणि २९ क्रमांकाचं धुमार लेणं हे बऱ्याच बौद्ध लेण्यांच्या आधीचं, सहाव्या शतकातलं मानलं जातं. 'आधी बौद्ध, मग हिंदू, मग जैन' असा सरळ क्रम शाळेपासून डोक्यात बसलेला असतो. इथे फिरताना दिसतं की एकाच डोंगरावर वेगवेगळ्या पंथांची कामं मागेपुढे, काही तर एकाच सुमारास, चालू होती.

दहावं लेणं आम्ही कधीच सोडत नाही. वेरूळमधलं हे एकमेव चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनामंदिर. छताला दगडाच्या कमानदार फासळ्या कोरल्या आहेत. लाकडी छताला आधार म्हणून जशा असायच्या तशाच, पण इथे त्या काहीही पेलत नाहीत. समोर स्तूप आणि त्याच्या पुढ्यात पाय खाली सोडून बसलेला बुद्ध. सुतार मंडळी या मूर्तीला विश्वकर्मा मानून दर्शनाला येत, म्हणून याला विश्वकर्मा लेणं किंवा सुताराची झोपडी म्हणतात. इथे एक स्वर लांबवला की छत तो कितीतरी वेळ धरून ठेवतं. गर्दी नसेल तेव्हा तुमच्यापैकी जो कुणी गातो त्याला आम्ही एक ओळ म्हणायला सांगतो. बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकावं.

बारावं लेणं 'तीन ताल' नावाचं. बाहेरून बिनसजावटीची तीन मजली भिंत, आणि सर्वात वरच्या मजल्यावर एका ओळीत बसलेले सात बुद्ध. जिना उंच आहे, तरी चढा. पंधरावं दशावतार वेळ असेल तर. २९ वं पावसाळ्यात आवर्जून.

जैन लेणी लांब आहेत, ती वगळली तर चालतील का?

चालवून घेऊ नका. बहुतेक सहली ती वगळतात आणि आम्हाला त्याचं वाईट वाटतं. ३२ क्रमांकाच्या इंद्रसभेतलं कोरीव काम वेरूळमध्ये सर्वात नाजूक आहे. नाव इंद्रसभा असलं तरी हत्तीवर बसलेली ती मूर्ती इंद्राची नाही, यक्षाची आहे. समोर आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका आहे. त्या झाडाची पानं आणि फळं निरखून बघा. ध्यानाला उभा राहिलेला बाहुबली आहे, त्याच्या हातापायांवर वेली चढल्या आहेत. इथे गर्दी कमी, आवाज कमी. मुख्य लेण्यांपासून हा भाग चालत दूर पडतो, म्हणून वाहनानं जातो.

वर डोंगरावर पार्श्वनाथाची मोठी मूर्ती आहे, तेराव्या शतकातली, लेख असलेली. तिथे आजही पूजा होते. जैन कुटुंबं बरोबर असली की थोडा जास्त वेळ धरून तिथेही जातो.

घृष्णेश्वराच्या दर्शनाचे नियम काय आहेत?

गाभाऱ्यात जाताना पुरुषांनी कमरेच्या वरचे कपडे काढायचे असतात. सदरा काढता येईल असाच घाला. स्त्रियांनाही गाभाऱ्यात जाऊन लिंगाला स्पर्श करून दर्शन घेता येतं. मोबाईल, कॅमेरा आणि चामड्याच्या वस्तू गाडीतच ठेवा.

अभिषेक करायचा असेल तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे तेवढा वेळ राखून ठेवता येतो. दक्षिणा तुमची आणि गुरुजींची बाब, त्यात आम्ही पडत नाही. रांग चुकवून आत नेतो असं आम्ही कधी म्हणत नाही आणि वाटेत कुणी तसं म्हणालं तर त्याच्या मागे जाऊ नका.

रोज १०१ पार्थिव लिंगं करून तळ्यात सोडणाऱ्या घुष्मेची कथा बहुतेकांना माहीत असते. सोळाव्या शतकात शिवरायांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी इथे जीर्णोद्धार केला. सध्याचं तांबड्या दगडाचं मंदिर अठराव्या शतकातलं, अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेलं. वेरूळची पाटीलकी भोसल्यांकडे होती. त्यांची गढी याच गावात होती हे अनेकांना इथे आल्यावरच कळतं. मंदिराजवळचं शिवालय तीर्थ जरूर बघा. चारी बाजूंनी पायऱ्या उतरत जाणारी ही दगडी पुष्करणी आहे, आणि दर्शनाच्या गडबडीत ती राहून जाते.

खुलताबादला का थांबायचं? औरंगजेबाच्या कबरीवर आम्हाला जायचं नाही.

नका जाऊ. कुणावर सक्ती नाही, गाडीतून उतरायचं की नाही हे तुमच्या हातात आहे. पण खुलताबाद म्हणजे एवढी एकच कबर नव्हे.

दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब चौदाव्या शतकात दख्खनमध्ये आले. त्यांचा दर्गा इथे आहे. त्यांच्या पाठोपाठ इतके सूफी इथे विसावले की या गावाला रौझा, म्हणजे समाधिस्थान, हेच नाव पडलं होतं. हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा संस्थापक पहिला निजाम याची कबरही इथेच आहे.

आणि मलिक अंबर. मराठी माणसानं खुलताबादला यावं ते याच्यासाठी, असं आम्हाला मनापासून वाटतं. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता झाला, त्यानं १६१० मध्ये खडकी वसवली. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. शहराला पाणी पुरवणारी त्याची नहर पुढे कित्येक पिढ्यांना पुरली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूनं शहाजीराजे लढले आणि शहाजीराजांचे बंधू शरीफजी तिथे पडले. १६२६ मध्ये अंबर गेला. त्याची घुमटाची कबर गावाबाहेर शांत जागी आहे आणि तिथे आम्हाला दुसरे पर्यटक फार क्वचित भेटतात.

औरंगजेबाच्या कबरीबद्दल विचारलंत तर सांगतो. १६८१ मध्ये तो दख्खनमध्ये उतरला. १६८९ मध्ये त्यानं संभाजीराजांना हालहाल करून मारलं, आणि तरीही पुढची अठरा वर्षं मराठे त्याच्याशी लढत राहिले. दिल्लीचं तोंड पुन्हा न बघता १७०७ मध्ये तो अहमदनगरला मेला. इथे जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात त्याची उघड्यावरची साधी कबर आहे. भोवतीची संगमरवरी जाळी लॉर्ड कर्झनच्या काळात बसली. बघायचं असेल तर ओळखपत्र जवळ ठेवा, बंदोबस्त असतो. तिथे घोषणा, वाद किंवा व्हिडिओवर भाष्य करायचं नाही, ही आमची अट आहे. दर्ग्यांमध्ये डोकं झाका आणि स्त्रियांनी कुठवर जायचं हे तिथले लोक सांगतील तसं पाळा.

भद्रा मारुती सहलीत आहे का?

आहे. इथला मारुती आडवा, निद्रिस्त आहे. अशी मूर्ती देशात मोजक्याच ठिकाणी दिसते. एरवी पंधरा मिनिटांत दर्शन होतं.

देवगिरीचा किल्ला किती चढायचा असतो?

माथ्यापर्यंत सुमारे ७५० पायऱ्या. जाऊन-येऊन अडीच तास धरा.

पण वर जाणं हीच एक गोष्ट नाही. आम्ही तीन टप्पे करतो. पहिला टप्पा सपाट, सगळ्यांना जमणारा. यात महादरवाजातून आत शिरून चांद मिनार आणि भारतमाता मंदिर बघायचं. चांद मिनार बहमनी काळातला, पंधराव्या शतकातला आहे. भारतमाता मंदिर म्हणजे मूळची १३१८ सालची जामा मशीद. तिचे शंभराहून जास्त खांब यादवकालीन देवळांचे आहेत, आणि हैदराबाद संस्थान भारतात आल्यानंतर तिथे भारतमातेची मूर्ती बसवली गेली. एका वास्तूत तीन काळ. तिथे खांबांचं निरीक्षण करायला वेळ ठेवा. प्रत्येकाची नक्षी वेगळी आहे, कारण ते वेगवेगळ्या देवळांतून आलेले आहेत.

दुसरा टप्पा म्हणजे चिनी महाल, मेंढा तोफ आणि खंदक. चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशहा औरंगजेबाच्या कैदेत होता. तिथल्या निळ्या फरश्यांचे तुकडे अजून दिसतात. तोफेच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं ओतलेलं आहे. खंदक अखंड कातळात खोदलेला आणि त्यापलीकडचा डोंगर तासून इतका सरळ केलेला की घोरपड चढणार नाही.

तिसरा टप्पा म्हणजे अंधारी. डोंगराच्या पोटातून वळणं घेत वर जाणारी काळोखी वाट. शत्रू आत आला तर त्याला गोंधळात पाडून मारायची जागा. वटवाघळांचा वास असतो, पायऱ्या कमीजास्त उंचीच्या आहेत. बॅटरी आम्ही आणतो. ज्यांना बंद जागेचा त्रास होतो त्यांनी खंदकाच्या पुलावरूनच परत फिरावं. पुढे बारादरी हा महाल आणि माथा.

एवढा बळकट किल्ला पडला कसा?

प्रत्येक सहलीत कुणीतरी हे विचारतंच. यादव भिल्लम पाचवा यानं बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीला राजधानी केली. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला तेव्हा रामदेवरायाच्या सैन्याचा मोठा भाग बाहेर होता. किल्ल्यात घाईनं पोती चढवली. वेढा पडल्यावर ती उघडली तर धान्याऐवजी मीठ निघालं, अशी हकीकत फार्सी तवारिखांमध्ये येते. कातळ कुणी जिंकला नाही, पोटानं दगा दिला. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्या रामचंद्र राजाचा उल्लेख आहे तो हाच. म्हणजे ती टीका पूर्ण झाली आणि पुरती दहा वर्षंही गेली नाहीत तोवर हे घडलं.

१३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी इथे आणून नाव दौलताबाद केलं. १६२९ मध्ये याच किल्ल्यात निजामशाही दरबारात जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव आणि त्यांच्याबरोबरचे मुलगे दग्यानं मारले गेले. ते सांगताना आमचा आवाज दरवेळी खाली येतो.

आणि याच गडावर जनार्दनस्वामी किल्लेदार होते. पैठणहून आलेल्या लहानग्या एकनाथांनी इथेच त्यांची सेवा केली, हिशोबातली एका पैची चूक शोधत रात्र जागवली ती इथेच. स्वामींची समाधी गडावर आहे. वारकरी कुटुंबं बरोबर असली की किल्ला आधी समाधीसाठी आणि मग बाकीच्यासाठी असतो.

आई-वडील सत्तरीच्या पुढचे आहेत. झेपेल का?

झेपेल, फक्त क्रम बदलावा लागतो. किल्ल्याचा पहिला टप्पा, कैलासचं तळमजल्याचं अंगण, दहावं लेणं आणि घृष्णेश्वर एवढं सावकाश होतं. गुडघ्याचा त्रास असेल तर नोंदणी करतानाच सांगा. तुम्ही वर चढत असताना त्यांच्याबरोबर ड्रायव्हर थांबतो, त्यांना एकटं सोडत नाही. चाकाची खुर्ची कैलासच्या अंगणापर्यंत मदतीनं नेता येते, वरच्या मजल्यांवर नाही.

लहान मुलं कंटाळतात का?

सनावळ्या ऐकून कंटाळतात. अंधारी, मेंढा तोफ, रावण आणि दगडी हत्ती यांना कंटाळलेलं मूल आम्ही पाहिलेलं नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना अंधारीत नेऊ नका. किल्ल्यावर माकडं आहेत, हातात खाऊ उघडा ठेवायचा नाही.

जेवणाचं काय?

वेरूळला साधं शाकाहारी जेवण मिळतं. पिठलं-भाकरी, ठेचा, वरण-भात. आधी कळवलं तर उपासाचं आणि जैन जेवणही सांगून ठेवतो. जेवणाचे पैसे सहलीच्या दरात नाहीत, कारण कुणाला थाळी हवी असते तर कुणाला घरचा डबा. हंगामात दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळं, पेरू आणि अंजीर विकायला बसलेले असतात. तिथे गाडी थांबवायला सांगायला लाजू नका. नान-खलिया खायचा असेल तर संध्याकाळी शहरात परतल्यावर.

याच दिवसात अजिंठाही जोडता येईल का?

नाही. अजिंठा शहरापासून शंभर किलोमीटरवर, वेगळ्या दिशेला. त्याला वेगळा दिवस द्या.

प्रवेश तिकिटं किती आणि दरात काय धरलेलं असतं?

भारतीय नागरिकांना वेरूळ लेण्यांचं तिकीट ४० रुपये आणि दौलताबाद किल्ल्याचं २५ रुपये. परदेशी नागरिकांना अनुक्रमे ६०० आणि ३०० रुपये. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. दर पुरातत्त्व खातं ठरवतं, बदलले तर नवे लागू. मंदिर आणि दर्ग्यांना तिकीट नाही. अमेरिका-युरोपातून सुट्टीला आलेल्या कुटुंबांनी मुलांची मूळ ओळखपत्रं आणि ओसीआय कार्डं बरोबर ठेवावीत, फोनमधला फोटो दाखवून भागत नाही.

आमच्या दरात गाडी, इंधन, ड्रायव्हर, गाईड, पार्किंग आणि पिण्याचं पाणी येतं. तिकिटं, जेवण, पूजा आणि दक्षिणा वेगळी. दर माणशी नसून गाडीमागे असतो.

पैठणी किंवा हिमरूच्या दुकानात नेता का?

तुम्ही म्हणालात तरच. कोणत्याही दुकानातून आम्ही कमिशन घेत नाही, म्हणून तिथे घालवायचा तास लेण्यांना मिळतो.

गाईड कोणत्या भाषेत बोलतात?

मराठी, हिंदी, इंग्रजी. घरात मुलं इंग्रजीतून आणि आजी-आजोबा मराठीतून ऐकणारे असतील तर दोन्ही चालतं.

फोटो काढता येतात का?

लेण्यांत आणि किल्ल्यावर मोबाईलनं काढता येतात. रंगकाम उरलेल्या छतांवर फ्लॅश मारू नका. कैलासच्या छतावर जुने रंग अजून टिकून आहेत. तिपाई आणि ड्रोनला परवानगी लागते. मूर्तीच्या मांडीवर किंवा हत्तीच्या पाठीवर बसून फोटो काढणाऱ्याला आम्ही तिथेच थांबवतो, तो आमचा पाहुणा असला तरी.

मुंबई-पुण्याहून रात्रीच्या प्रवासानं येऊन त्याच दिवशी सहल करता येईल का?

करता येते. मुंबईहून देवगिरी एक्सप्रेसनं आलात तर पहाटे पोचता. दोन तास आंघोळ-नाश्त्याला ठेवून निघू. स्वतःच्या गाडीनं समृद्धी महामार्गावरून येणार असाल तर माळीवाड्याला बाहेर पडा. दौलताबाद तिथून जवळ आहे, गाईड तुम्हाला किल्ल्याच्या दारातच भेटेल.

नोंदणी करताना काय काय सांगायचं?

तारीख आणि वार, माणसं किती, सर्वात लहान आणि सर्वात मोठ्या माणसाचं वय, कुणाला चालण्याचा त्रास आहे का, आणि दर्शन, इतिहास की शिल्प यातलं तुम्हाला सर्वात जास्त काय हवं आहे. शेवटच्या प्रश्नाला 'सगळंच' असं उत्तर येतं, तेव्हा आम्ही पुन्हा फोन करून विचारतो. सहलीच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवलं तर तारीख बदलून देतो. पावसानं घाट बंद झाला तर पूर्ण पैसे परत.